काळ कोणाचा? : बंगळूरच्या संदर्भात इंग्रजी कालवाचक वाक्प्रयोगांचा मराठीतील प्रवास

१

साल लिहिणे आणि काळाला नाव देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. '१८१८' हा आकडा आहे. त्यावर सहसा वाद होत नाही. पण त्याच सालाविषयी कोणी 'पेशवाई बुडाली' म्हणतो, कोणी 'इंग्रजी झाली' म्हणतो, कोणी 'अर्वाचीन कालखंडाचा प्रारंभ' म्हणतो, तर कोणी 'नव्या युगाची पहाट' म्हणतो. चारही वाक्प्रयोग एकाच घटनेकडे बोट दाखवितात. परंतु पहिल्यात एक सत्ता नाहीशी होते, दुसऱ्यात दुसरी येते, तिसऱ्यात केवळ एक रेघ ओढली जाते आणि चौथ्यात दिवस उजाडावा तसा बदल आपोआप घडतो. यांपैकी पहिले दोन प्रयोग जुन्या मराठीच्या वळणाचे आहेत. उरलेल्या दोहोंची घडण इंग्रजी गद्याच्या सहवासात झाली आहे.

'टर्न ऑफ द सेंच्युरी', 'गोल्डन एज', 'डॉन ऑफ अ न्यू एरा', 'पीरियड ऑफ ट्रान्झिशन', 'माइलस्टोन' हे इंग्रजीतले रोजच्या वापरातील प्रयोग. त्यांचे मराठी अवतार आज इतके रुळले आहेत की ते उसने आहेत हे लक्षातही येत नाही. उसनवारी हा भाषेचा दोष नव्हे; फारसीकडून घेतलेले शब्द काढून टाकले तर मराठीत कालगणनेचे बोलणेच अशक्य होईल. प्रश्न असा आहे की, या प्रयोगांबरोबर काळाकडे पाहण्याची कोणती दृष्टी आली आणि त्या दृष्टीच्या कक्षेबाहेर काय राहिले?

या प्रश्नाचा विचार बंगळूरच्या संदर्भात करण्यास तीन कारणे आहेत. एक म्हणजे, मराठी, कन्नड, फारसी आणि इंग्रजी अशा चारही कारभारी भाषांच्या कालगणना या शहरावरून गेल्या आहेत. दुसरे म्हणजे, सतराव्या शतकापासून येथे मराठी बोलली जाते, तरी मराठी वाङ्मयेतिहासाच्या कालखंडांत या शहराला स्थान नाही. तिसरे म्हणजे, गेल्या काही दशकांत हे शहरच बदलाविषयीच्या इंग्रजी वाक्प्रयोगांचे ठरीव उदाहरण होऊन बसले आहे. (१ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेंगळुरू' हे नाव इंग्रजीतही अधिकृत झाले, येथे मराठीत पूर्वापार रूढ असलेले 'बंगळूर' हे रूप वापरले आहे.)

२

इंग्रजीचा प्रभाव पडण्यापूर्वीच्या मराठीत काळ सांगण्याच्या ढोबळमानाने तीन रीती दिसतात.

पहिली रीत सत्तेची. 'अंमल', 'कारकीर्द', 'राजवट' हे शब्द एकटे उभे राहत नाहीत. त्यांना षष्ठी लागते. कारकीर्द कोणाची, अंमल कोणाचा, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. 'शक' या शब्दाच्या मुळाशीही राजवंशाचे नाव आहे, आणि नवा शक सुरू करणारा तो 'शककर्ता'. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि त्यांच्याच आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. काळ मोजण्याची रीत आणि कारभाराचे शब्द ही दोन्ही राज्याची अंगे आहेत, ही जाणीव त्यामागे आहे. 'पेशवाई', 'मोगलाई', 'निजामशाही' या शब्दांत तर सत्ता, प्रदेश आणि काळ एकत्र नांदतात. 'मोगलाई' पुढे अंदाधुंदीचा वाचक झाला. '-शाही' हा प्रत्यय 'लोकशाही', 'नोकरशाही' यांत शिरला आणि कालवाचक राहिला नाही. तो व्यवस्थावाचक झाला.

दुसरी रीत आपत्तीची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे चाललेला दुष्काळ 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. आपत्तीचेही मराठीने दोन वर्ग केले होते, अस्मानी आणि सुलतानी. संकट कोणाकडून आले, आभाळाकडून की राज्यकर्त्याकडून, हा प्रश्न त्या वर्गीकरणातच अंतर्भूत आहे.

तिसरी रीत चक्राची. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरांचे चक्र, बारा वर्षांचे तप, मृग नक्षत्रावर उघडणारे शेतीचे वर्ष. मराठ्यांच्या दप्तरातील शुहूर सन या मृगसालाशीच बांधलेला होता. त्याचे आकडे अरबी शब्दांत, एकं, दहं या उलट क्रमाने लिहीत. 'तिसा सलासीन अलफ' म्हणजे शुहूर सन १०३९, अर्थात इ. स. १६३८–३९. एकाच कागदावर अरबी संख्याशब्द, मुसलमानी चांद्रमास, शालिवाहन शक, संवत्सराचे नाव आणि तिथी शेजारी शेजारी येऊ शकत. लिहिणाऱ्या कारकुनाला यात विसंगती वाटत नसे. काळ एकच एक नाही, तो ज्याच्या त्याच्या गणनेचा आहे, हे त्याच्या सरावाचे होते.

या रीतींना 'जगाकडे पाहण्याची भारतीय दृष्टी' असे भारदस्त नाव देण्याचा मोह टाळला पाहिजे. दप्तर चालविण्याच्या व्यावहारिक गरजेतून त्या आल्या. इंग्रजीतही 'एलिझाबेथन', 'व्हिक्टोरियन' असे धन्याच्या नावाचे कालखंड आहेतच. म्हणून पुढील विवेचन दोन भाषांच्या स्वभावभेदाविषयी नाही. इंग्रजीत उपलब्ध असलेल्या अनेक प्रयोगांपैकी मराठीने कोणते निवडले आणि ते निवडताना त्यांतील 'कोणाचा?' या प्रश्नाचे काय झाले, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे.

३

आधी काही शब्दांची पूर्वपीठिका पाहू. 'सेंच्युरी' हा शब्द मुळात शंभर वर्षांचा वाचक नव्हता. लॅटिनमधील 'सेंतुरिया' म्हणजे शंभरांचा गट. रोमन सैन्यातील तुकडीलाही हेच नाव. इंग्रजीतही आरंभी कोणत्याही शंभर वस्तूंच्या समूहाला 'सेंच्युरी' म्हणत. 'वर्षांची सेंच्युरी' असे म्हणता म्हणता 'वर्षांची' हे पद गळाले आणि सतराव्या शतकात आजचा अर्थ स्थिर झाला. 'डेकेड'ची कथा याहून वेधक आहे. लिव्हीच्या रोमच्या इतिहासाचे ग्रंथ दहा-दहांच्या गटांत विभागले गेले. त्या प्रत्येक गटाला 'डेकेड' हे नाव मिळाले. दहा वर्षे हा अर्थ नंतरचा.

मराठी वाचकाला येथे आपल्याच घरातली उदाहरणे आठवतील. 'शतक' म्हणजे शंभर श्लोकांचा संग्रह. भर्तृहरीच्या तीन शतकांना वामनपंडितांनी सतराव्या शतकात मराठी रूप दिले, तेव्हा 'शतक' या शब्दाने कोणाच्याही मनात शंभर वर्षे उभी राहत नव्हती. 'दशक' हा तर ग्रंथविभागाचा शब्द: दासबोधाचे दशक वीस आणि प्रत्येक दशकाचे समास दहा. म्हणजे रोममध्ये आणि महाराष्ट्रात, एकमेकांचा संबंध नसताना, दहांचा गट आधी ग्रंथाला लागला. काळाला तो लागला तो मागाहून, आणि मराठीत इंग्रजीच्या मध्यस्थीने. अनुवादकांनी 'सेंच्युरी'साठी 'शतक' निवडले तेव्हा ते नकळत त्या इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थाशीच जाऊन भिडले होते.

इतर शब्दांचीही अशीच तऱ्हा आहे. 'पीरियड' हा ग्रीक शब्द वाटोळ्या मार्गाचा, फेऱ्याचा वाचक. 'एपॉक' म्हणजे थांबा. खगोलगणितात जेथून मोजणी करावयाची तो स्थिर बिंदू. 'एरा' मागे लॅटिनमधील हिशेबाच्या सोंगट्या आहेत. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दांना आपण सरळ रेषेत जाणाऱ्या काळाचे प्रतिनिधी समजतो, त्यांच्या पोटात फेरा, थांबा आणि हिशेब आहेत. 'पौर्वात्य काळ चक्राकार आणि पाश्चात्य काळ रेषेसारखा' हे वारंवार ऐकू येणारे विधान शब्दांच्या साक्षीवर टिकत नाही.

४

इंग्रजी आणि मराठी कालशब्द समोरासमोर आले ते मुख्यतः १८२५ नंतरच्या अर्धशतकात. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीन-चार वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचे मराठी भाषांतर केले. त्याला नाव मिळाले 'मराठ्यांची बखर'. इंग्रजी पद्धतीच्या 'हिस्टरी'ला मराठीत शिरताना बखरीचे वस्त्र ल्यावे लागले, हे लक्षणीय आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. शेजारी छापलेल्या दोन स्तंभांत प्रत्येक इंग्रजी पदाला मराठी जोडीदार हवाच, अशी अपेक्षा आपोआप निर्माण होते. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाने ती अपेक्षा व्यवस्थेत बसविली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'पर्यंत मराठी गद्य इतिहासाविषयी विवेचक भाषेत बोलू लागले होते.

या घडामोडीत जुन्या शब्दांना नवे काम मिळाले. 'संक्रमण' हे त्याचे उत्तम उदाहरण. पंचांगातील संक्रमणाला कर्ता असतो: सूर्य मकर राशीत संक्रमण करतो. 'ट्रान्झिशन'साठी हाच शब्द योजिला गेला आणि 'संक्रमणकाल' तयार झाला, तेव्हा सूर्य वाक्यातून निघून गेला. संक्रमण कोण करतो, कोठून कोठे करतो, हे न सांगताही 'समाज संक्रमणावस्थेत होता' असे लिहिता येऊ लागले. 'क्रांती' हाही खगोलातला शब्द. 'क्रांतिवृत्त' म्हणजे सूर्याचा भासमान मार्ग. योगायोग असा की 'रेव्होल्यूशन' हा शब्दही युरोपात आकाशातील ज्योतींच्या परिभ्रमणावरूनच राजकारणात उतरला. दोन भाषांनी दोन वाटांनी आकाशातून शब्द आणला, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ ठरावीक फेऱ्याच्या नेमका उलट, म्हणजे फेरा मोडणारा उठाव, असा झाला. त्याआधी मराठीत अशा प्रसंगांना 'बंड' किंवा 'गर्दी' म्हणत. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला, तेव्हाही त्याच्या शीर्षकात १८५७ चे 'बंड'च होते. बंडाला बंडवाले लागतात; क्रांती मात्र 'होते'.

काही प्रयोगांचे रूपांतर निराळ्या तऱ्हेने झाले. 'टर्न ऑफ द सेंच्युरी' यातील 'टर्न'चे 'वळण' होऊ शकत होते आणि काही लेखकांनी ते केलेही. पण मराठीत अधिक रुजला तो 'शतकाचा उंबरठा'. रस्त्याच्या जागी घर आले. वळण वाटेला असते, चालणारा कोणीही असो; उंबरठा मात्र कोणीतरी ओलांडावा लागतो. येथे मराठीने उसन्या प्रयोगाला आपली चौकट बसविली आणि हरवलेला कर्ता थोडासा परत आणला. याउलट 'मैलाचा दगड' जसाच्या तसा आला, मैलासकट. प्रवासातील अंतरासाठी मराठीत 'टप्पा' होता. टपालाच्या निरोप्याने धावावयाचे अंतर, अशी त्याची व्यवहारातली ओळख होती. टप्प्यात धावणारा अभिप्रेत आहे. दगड वाटेच्या कडेला नुसता उभा असतो. आज दोन्ही शब्द सुखाने नांदतात. परंतु गौरवपर लेखनात दगडाची सरशी झाली आहे.

या देवघेवीचा लाभ नाकारता येणार नाही. 'सतरावे शतक' म्हणता येऊ लागल्यामुळेच तुकाराम आणि त्यांचे युरोपीय समकालीन यांचा एका दमात विचार करणे शक्य झाले. तौलनिक साहित्याभ्यास ज्या समकालीनतेवर उभा आहे, ती या धनीविरहित कालपटाचीच देणगी होय. हानी झाली ती अन्यत्र, आणि तिचे स्वरूप बंगळूरमध्ये स्पष्ट दिसते.

५

आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मोहिमेत १६३८ च्या सुमारास केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतले गेले आणि शहाजीराजे येथे जहागीरदार म्हणून राहू लागले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने ते घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला दिले. मधली सुमारे पन्नास वर्षे भोसल्यांच्या अंमलाची. याच काळात जयराम पिंड्ये शहाजीराजांच्या दरबारी आला आणि त्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. अनेक भाषांतील कवने एकत्र गुंफणाऱ्या या काव्याची राजवाड्यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती काढली. आज शहराच्या मध्यात आलेल्या मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयाला एकोजीराजांनी १६६९ मध्ये दान दिल्याचा लेख आहे.

इंग्रजीत लिहिलेल्या शहरवृत्तांतांत या पन्नास वर्षांसाठी सामान्यतः 'मध्यांतर' या अर्थाचा शब्द योजिला जातो. मध्यांतर म्हणजे दोन खऱ्या अंकांमधला रिकामा वेळ. हे चूक कोणी द्वेषाने केले असे नाही. शहराचा इतिहास केंपेगौडापासून म्हैसूरच्या राजांपर्यंत आणि तेथून इंग्रजांपर्यंत एका सूत्रात सांगावयाचा ठरविला की मधला दरबार सूत्रात बसत नाही. मग सूत्र न बदलता दरबारालाच 'मध्ये आलेला' ठरविले जाते. मार्क विल्क्सच्या १८१० ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचे दीर्घ शीर्षक या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यात म्हैसूरच्या हिंदू राज्याच्या 'उगमा'पासून १७९९ मध्ये मुसलमान घराण्याच्या 'लोपा'पर्यंतचा इतिहास सांगण्याचा संकल्प आहे. उगम आणि लोप हे शब्द नदीला किंवा प्राण्यांच्या जातीला शोभणारे. श्रीरंगपट्टणचा किल्ला तोफांनी पाडला गेला, ही गोष्ट 'लोप' या पदात दिसत नाही. टिपूला स्वतःला काळाच्या मालकीची पुरती जाण होती. त्याने मौलूदी सन सुरू केला, दक्षिणेतील साठ संवत्सरांच्या धर्तीवर वर्षांना नवी नावे दिली आणि नाण्यांवर सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे उमटविले.

आता मराठीकडे वळू. मराठी वाङ्मयेतिहासात 'अव्वल इंग्रजी' हा कालखंड १८१८ पासून १८७४ पर्यंत मानण्याची प्रथा आहे. ही संज्ञा मोठी बोलकी आहे. 'अव्वल' अरबी आणि 'इंग्रजी' हा येथे भाषेचा शब्द नाही, 'पेशवाई'च्या चालीवरचा राज्यवाचक शब्द आहे. इंग्रजी कालखंडाच्या कल्पनेला जुन्या मराठी रीतीने दिलेले हे नाव धन्याचा स्पष्ट निर्देश करते. परंतु १८१८ ही सीमा पुण्याची आहे. बंगळूरच्या मराठी भाषकांच्या आयुष्यात त्या साली काहीही बदलले नाही. त्यांच्या सीमा निराळ्या: १७९९ मध्ये टिपूचा पाडाव आणि वडियार घराण्याची पुनःस्थापना, १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी, जिच्यामुळे जुनी पेट आणि नवी छावणी अशी दोन शहरे शेजारी वसली, १८३१ मध्ये इंग्रज कमिशनरांचा कारभार, २५ मार्च १८८१ रोजी संस्थान पुन्हा राजाच्या स्वाधीन, १९४९ मध्ये पेट आणि छावणी यांची एक महानगरपालिका, आणि १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना.

तंजावरचेही असेच. तेथील बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ चा मराठी शिलालेख भोसले वंशाचा इतिहास सांगतो. सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापनीतीच्या कथांचे मराठी रूप, 'बालबोध मुक्तावली', १८१८ च्या सुमारे दहा वर्षे आधी छापून निघाले. इंग्रजीच्या संपर्कातून मराठी छापील गद्य निर्माण होणे हे जर 'अव्वल इंग्रजी'चे लक्षण असेल, तर तो काळ पेशवाई बुडण्यापूर्वीच कावेरीच्या काठी सुरू झाला होता. कालखंडाचे नाव पुण्याच्या धन्यावरून ठेवल्यामुळे तंजावर त्यात मावले नाही. पण नाव निदान प्रामाणिक आहे. ते कोणाच्या दृष्टीने ठेवले, हे ते लपवीत नाही. त्या जागी 'आधुनिकतेची पहाट' असे म्हटले, तर तंजावर व बंगळूर वगळले गेल्याची खूणही उरत नाही. पहाट सर्वांचीच असते, मग यांची का झाली नाही, असे विचारण्याची सोयही राहत नाही.

शब्दांच्या या दोन जातींतील फरक एका दुष्काळाच्या नावात सर्वांत तीव्रतेने जाणवतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि म्हैसूर संस्थान होरपळून निघाले. संस्थानाची लोकसंख्या १८७१ मध्ये सुमारे ५० लाख होती, ती १८८१ च्या शिरगणतीत सुमारे ४२ लाखांवर आली. इंग्रजी ग्रंथांत याला 'ग्रेट फॅमिन' म्हणतात. कन्नड लोकस्मृतीत मात्र तो 'धातु-ईश्वर' दुष्काळ आहे. शके १७९८ चे संवत्सर धाता आणि शके १७९९ चे ईश्वर. मराठी पंचांगातही संवत्सरांचा क्रम हाच असल्याने येथील मराठी घरांना ते नाव परके नव्हते. धाता म्हणजे धारण करणारा, पोसणारा, त्यापाठोपाठ ईश्वर. पोसणाऱ्याच्या नावाच्या वर्षी माणसे उपाशी मेली. आणि चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे धाता संवत्सर पुन्हा येणार, १९३६ मध्ये आणि १९९६ मध्ये, हेही त्या नावात गृहीत होते. 'महादुष्काळ' हे नाव घटना मोठी होती एवढेच सांगून तिला मागे टाकते. संवत्सराचे नाव तिला कुळाचाराच्या तिथीसारखे परत परत दारात आणते.

पुढे १८९८ मध्ये प्लेग आला. दाट वस्तीच्या पेटेतून लोक बाहेर पडू लागले आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या नियोजित वसाहतींच्या वाढीला वेग आला. इंग्रजी नगररचनेच्या भाषेत हा 'विस्ताराचा कालखंड' होय. त्याच घडामोडीला 'प्लेगाचे साल' म्हटले की विस्तारामागची भीती शब्दात राहते.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बंगळूरविषयी एक वाक्य ठरून गेले आहे: 'पेन्शनर्स पॅराडाइज'पासून 'सिलिकॉन व्हॅली'पर्यंत. मराठी वृत्तपत्रांत ते 'निवृत्तांचे नंदनवन ते संगणकनगरी' असे येते. 'अमुक ते तमुक' ही बदल सांगण्याची इंग्रजीतील सर्वांत सुटसुटीत रचना आहे आणि तिच्या सुटसुटीतपणातच तिचा दोष आहे. दोन टोके दिली की मधले सारे आपोआप प्रवास ठरते. या वाक्यात जे पडले ते शहराचे कारखान्यांचे युग: १९४० मधील हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४८ मधील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मधील हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५४ मधील भारत इलेक्ट्रॉनिक्स. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी हे शहर घडविले. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना येथे निघाला. महाराष्ट्रात लग्नात जावयाच्या हातावर चढणारे घड्याळ अनेकदा या कारखान्याचे असे. ज्या शहराने देशाच्या मनगटावर वेळ बांधली, त्याच्या प्रचलित कालवर्णनात नेमकी तीच दशके नाहीत. घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्या वेळच्या लेखांत 'एका युगाचा अस्त' हे शब्द अपेक्षेप्रमाणे होते. अस्त सूर्याचा होतो. कारखाना बंद करण्याचा निर्णय कोणीतरी घेतो.

'टर्न ऑफ द सेंच्युरी' हा प्रयोग तर या शहरात अक्षरशः खरा झाला. जुन्या संगणक-आज्ञावलींत साल दोनच आकड्यांत लिहिलेले असे; ९९ नंतर ०० आले की यंत्र ते १९०० समजेल, अशी धास्ती होती. ही 'वाय-टू-के' दुरुस्ती करण्याचे पुष्कळ काम भारतीय कंपन्यांकडे आले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळूरला आलेली इन्फोसिस, १९८५ मध्ये आलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आकारास आलेली इलेक्ट्रॉनिक्स सिटी, अशी पूर्वतयारी येथे झालेली होती. शतक आपोआप वळत नाही. कोणीतरी रात्रपाळी करून, ओळीमागून ओळ तपासून ते वळवावे लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. एरवी रूपकात दडणारा कर्ता येथे पगारपत्रकावर होता.

याचीच दुसरी बाजू अमेरिकी इंग्रजीत उमटली. २००० नंतरच्या दशकात तेथे 'बँगलोर्ड' असे क्रियापद रूढ झाले. काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गमावलेल्या माणसाविषयी ते वापरीत. शहराचे नाव बदलाचे क्रियापद झाले. मराठीला हे नवे नाही. १७६१ नंतर 'पानिपत' हे गाव राहिले नाही. 'पानिपत होणे' हा सर्वनाशाचा वाक्प्रयोग झाला. दोन्हीतील दृष्टी मात्र भिन्न आहे. 'पानिपत' हरलेल्यांनी स्वतःविषयी वापरले आणि त्यात आपल्या चुकांचाही हिशेब आहे. 'बँगलोर्ड'मध्ये घाव घालणारे म्हणून एका दूरच्या शहराचे नाव येते. काम तिकडे पाठविणारा मालक त्या शब्दात नाही.

७

या विवेचनाचा रोख शब्दशुद्धीकडे नाही. 'शतक', 'संक्रमण', 'युग' हे शब्द आता मराठीचे आहेत. परंतु वाङ्मयेतिहास लिहिताना त्यांचा वापर करणाऱ्याने त्या प्रत्येकाला एकदा षष्ठी लावून पाहावी: संक्रमण कोणाचे, सुवर्णयुग कोणाचे, पहाट कोणाच्या अंगणात? 'साठोत्तरी' आणि 'नव्वदोत्तरी' या आपल्या आजच्या संज्ञांनाही हीच कसोटी लागू आहे. त्या इंग्रजी दशकांच्या चालीवर बेतल्या आहेत. साठ हा आकडा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेशी जुळतो, त्यामुळे महाराष्ट्रात तो स्वाभाविक भासतो. बंगळूरच्या देशस्थ, मराठा, नामदेव शिंपी किंवा भावसार कुटुंबासाठी निर्णायक वर्ष होते १९५६. त्या वर्षी भाषेच्या आधारावर राज्यांची मांडणी झाली आणि त्यांची घरची भाषा कायमची दुसऱ्या राज्याची झाली. नव्वदचे दशक मात्र पुण्यामुंबईच्या आधी त्यांच्याच दारात येऊन ठेपले होते.

अशा भाषकांचा मराठी वाङ्मयेतिहासात समावेश करावयाचा, तर त्यांना आपल्या तयार कालखंडांच्या कप्प्यांत कोंबून भागणार नाही. 'बंगळूरची साठोत्तरी मराठी' शोधू गेलो तर हाती शून्य येईल आणि त्या शून्यालाच आपण निष्कर्ष समजू. जयराम पिंड्याच्या काळच्या कारकुनाप्रमाणे एका कागदावर दोन-तीन गणना शेजारी मांडण्याची सवय पुन्हा लावून घेणे, ही पहिली पायरी होय. पुण्याचे १८१८, तंजावरचे १८५५, म्हैसूरचे १८८१ हे आकडे एका स्तंभात लिहावेत, आणि शेजारच्या स्तंभात त्या त्या साली राज्य कोणाचे गेले, कोणाचे आले, दप्तराची भाषा कोणती राहिली आणि भुकेने किंवा रोगाने कोण गाव सोडून गेले, ते लिहावे. 'दर्पण'च्या दोन स्तंभांनी मराठीला इंग्रजी कालशब्द दिले. या दोन स्तंभांतून ते शब्द तपासता येतील.